बीप मोजायचा खेळ

रविवार, ११ जानेवारी १९८७. मुलुंड

घरी कॉम्प्युटर आला! हे एक वाक्य लिहायचं म्हणून कंपनीनं दिलेली डायरी काढली, एरवी ती धोब्याच्या कपड्यांची नोंद ठेवायला गेली असती.

जयवंतच्या मेव्हण्यानं दुबईहून आणलाय. दिसायला पाठ्यपुस्तकाएवढा, वर रबराची बटणं. टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवरून भरायचा, त्याला साधा टेपरेकॉर्डर चालतो. जयवंत आणि मी विक्रोळीच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात आहोत, दिवसभर पगारपत्रकं छापतो. त्याच्या डोक्यात आलंय की बालवर्गातल्या मुलांसाठी खेळ लिहायचे, आकार, अंक, लहान-मोठं वगैरे, आणि शाळाशाळांत नेऊन दाखवायचे. "नंद्या, बघ तू, उद्या प्रत्येक बालवर्गात हा डबा असणार," असं म्हणाला. असेल. मला मात्र तो केतकीसाठी हवाय.

केतकी मार्चमध्ये चार वर्षांची होईल आणि अजून बोलत नाही. 'आबा' आणि 'मा', बस्स. गेल्या महिन्यात शाळेत चौकशीला गेलो तर बाई म्हणाल्या, एप्रिलमध्ये मुलाखत आहे, तोवर स्वतःचं नाव तरी सांगू दे, नाहीतर मंद मुलांच्या शाळेचा पत्ता देते. केतकीची आई, शुभा, घरी येईपर्यंत रडत होती. त्या बाईंना मी मनात जे बोललो ते डायरीतसुद्धा लिहिण्यासारखं नाही. माझी मुलगी मंद नाही. आळशी असेल, त्यात बापावर गेली असेल. पण मंद नाही, आणि हे मी त्यांना दाखवून देणार आहे.

बुधवार, २१ जानेवारी

पहिला खेळ झाला. पडद्यावर वर एक आकार, खाली तीन. वरच्यासारखा कुठला ते शोधून बटण दाबायचं. केतकीनं जरा वेळ पाहिलं, आणि मग असा धडाका लावला की मला नवीन आकार काढायला सवड मिळेना. गोल, चौकोन, पतंग, होडी, सगळं बरोबर. शुभाला म्हटलं, "बघ! ही मंद?"

प्रोग्राम भरताना टेपमधून जो आवाज येतो त्याला मात्र तोड नाही. मांजराची शेपटी दारात सापडावी आणि कुणी दार उघडूच नये तसा. शुभा कानांवर हात ठेवून गॅलरीत पळते, शेजारच्या सोनूबाई भिंतीवर लाटणं आपटतात. केतकी टेपरेकॉर्डरला मिठी मारून, त्यावर गाल टेकून बसते. चेहऱ्यावर काय समाधान! प्रोग्राम भरून झाला की उठते. जन्मजात प्रोग्रामरीण आहे माझी पोर.

रविवार, १ फेब्रुवारी

आज शुभाचं आणि माझं आबांवरून वाजलं.

आबा म्हणजे माझे वडील, दत्ताराम. गावाहून सोळाव्या वर्षी आले ते थेट परळच्या एका गिरणीत, साचेखात्यात. तिथे शेकड्यांनी साचे, म्हणजे कापडाचे माग, एकदम चालतात, शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून साचेवाले हातांनी आणि ओठांनी बोलतात. धागा तुटला, पाणी आण, घरी तार आलीय, सगळं हातानं. संपात गिरणी सुटली, आम्ही परळची खोली सोडून इकडे आलो, पण आबांची सवय सुटली नाही. त्यांचे कानही आता निम्मे गेलेत. त्यामुळे आमच्या घरात दोनच प्रकार: एक तर हातवारे, नाहीतर आरडाओरडा. पाहुणे म्हणतात, तुमच्याकडे सारखं भांडण चालू असतं का?

केतकी तर आबांची सावली. दोघं दिवसभर खाटेवर बसून बोटं नाचवत असतात. ती हवेत काहीतरी करते, आबा उठून तिला चण्याचा डबा देतात. शुभा म्हणते, "अहो, मागायच्या आधी सगळं हातात मिळतंय, ती कशाला बोलेल? आबांनी तिला मुकी करून ठेवलीय." मी आबांची बाजू घेतली, कारण मला मजा वाटते. पण शुभाचं म्हणणं अगदीच चूक नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

नवा खेळ: बीप मोजायचा. कॉम्प्युटर बीप-बीप करणार, मुलानं मोजून पडद्यावर तेवढे आंबे जिथे असतील तिथलं बटण दाबायचं. जयवंत म्हणतो हाच खेळ शाळांना आवडेल, कारण यात मुलाचं लक्ष किती टिकतं ते कळतं. बिल्डिंगमधली चार-पाच पोरं बोलावली. सोनूबाईंचा नातू, जो एका जागी बसायला तयार नसतो, त्यानंसुद्धा बरोबर उत्तरं दिली.

केतकीची सगळी चुकली. हिला अंक कळतात, आंबे मोजता येतात. मग शुभा शेजारी बसली, तर चक्क बरोबर यायला लागली! शुभा मोजताना ओठातल्या ओठात एक, दोन, तीन पुटपुटते, तेवढंच. आई जवळ असली की मुलांना धीर येतो, दुसरं काय.

शनिवार, १४ फेब्रुवारी

शेवटी आबांशी बोललो. म्हटलं, "आबा, मुलाखत जवळ आली. तिच्याशी हातानं बोलणं बंद करा. तोंडानं मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. आपण सगळ्यांनीच तसं करायचं."

आबांनी मांडीवरची बोटं मिटून घेतली. मग "बरा" म्हणाले. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

रविवार, २२ फेब्रुवारी

आबा हात मांडीखाली घालून बसतात. विसरून वर जाऊ नयेत म्हणून. केतकी येते, त्यांच्यासमोर बोटं नाचवते, थांबते, पुन्हा करते. आबा तोंडानं म्हणतात, "बोल गो बाय, तोंडान बोल." ती खाली वाकून त्यांच्या मांडीखालचे हात ओढून बाहेर काढते. ते परत आत घालतात. काल तिनं त्यांचा उजवा हात असा घट्ट धरून ठेवला की जेवायला बसेपर्यंत सोडलाच नाही.

बोलली काही नाही. उलट 'आबा' म्हणायचीही थांबली आहे. शुभा म्हणते, थोडे दिवस त्रास होणारच, दूध तोडताना नव्हता का झाला? आज मी आबांच्या पानात कालवण वाढताना पाहिलं, त्यांच्या तळहातांवर खाटेच्या सुंभाचे वळ उठलेत.

रविवार, १ मार्च

केतकी दुपारची झोपली होती, टेपरेकॉर्डर तिच्या उशाशीच. मी न बघता प्रोग्राम भरायला लावला आणि तो किंचाळायला लागला. शुभाच्या हातून ताट पडलं, खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठून रडायला लागलं, बाळाची आई जिन्यातून ओरडली. आमची कुंभकर्णाची पणती कूससुद्धा बदलेना. म्हटलं, वा! मुंबईत राहायला ही झोपच पाहिजे.

शनिवार, ७ मार्च

आज तिच्यावर ओरडलो. बीपच्या खेळात ती उत्तर द्यायच्या ऐवजी सारखी मागे वळून शुभाचं तोंड शोधत होती. म्हणून शुभाला आत पाठवलं, आबांना खाली पाठवलं, दार लावलं. आता दोघंच, बघू कशी लक्ष देत नाहीस! ती पडद्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि कुठलंही बटण दाबायची. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ऐक ना! ऐक नीट!" असं ओरडून टेबलावर हात आपटला. ती एवढी घाबरली की तिथेच चड्डी ओली केली.

मुलाखतीत हेच होणार. मी काय करतोय ते मला कळत नाही. पगारपत्रक चुकलं तर कुठे चुकलं ते शोधता येतं.

रविवार, ८ मार्च

सकाळी जयवंत आला. त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, खेळातच काहीतरी गडबड असणार. तो म्हणाला, "अरे यार, बाकीच्या पोरांना जमतंय ना? मग आपण ऑफिसात करतो तसं कर. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि बघ."

प्रत्येक बीपबरोबर पडद्यावर एक तारा चमकेल असं केलं. केतकीची सगळी उत्तरं बरोबर आली. मग तारा काढला, नुसता बीप ठेवला. ती बटणावर बोट ठेवून बसून राहिली. मला वाटलं विचार करतेय. पण ती खेळ सुरू व्हायची वाट बघत होती. बीप होऊन गेले होते. मग तारा परत घातला आणि बीप काढला. काही आवाज नाही, नुसते तारे. सगळी बरोबर. हसली पण.

जयवंत माझ्याकडे बघेना. वायर गुंडाळत बसला.

शुभा स्वयंपाकघरातून आली आणि केतकीच्या मागे उभी राहिली. तिनं हाक मारली, आमच्या घरात मारतात तशी, मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. मग अशी की सोनूबाई काय झालं म्हणून दारात आल्या. केतकी पडद्यावर ताऱ्याची वाट बघत होती.

माझ्या मुलीला ऐकू येत नाही.

मंगळवार, १० मार्च

काल रजा टाकली. शुभा आणि मी एकमेकांशी बोलत नाही आहोत, राग नाही, पण तोंड उघडलं की रडूच येतं. काय काय आठवतंय, टेपरेकॉर्डरची थरथर गालानं टिपणं, शुभाच्या ओठांवरून आकडे ओळखणं, आणि जे आठवतं ते सगळं समोरच होतं. आमच्या ओरडण्यात, आबांच्या हातवाऱ्यात ते दिसलंच नाही. आम्हाला वाटलं पोर आजोबावर गेली.

आबांना मी सांगितलं, कानाशी जाऊन. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही की मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये. मग म्हणाले, "ह्या चेडवाक? आमच्या केतकीक?" आणि तिच्याकडे बघत, "माका वाटलां, ता माज्यावर जीव लावता म्हणान माज्यासारख्या बोलता."

त्यानंतर ते जेवले नाहीत.

मंगळवार, १७ मार्च

हॉस्पिटलात तपासणी झाली. डॉक्टरांनी केतकीच्या कानांवर हेडफोन लावले, हातात लाकडी ठोकळे दिले. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. म्हणजे माझाच खेळ! ती लबाड डॉक्टरांच्या हाताकडे बघून ठोकळे टाकायला लागली. त्यांच्या ते लक्षात आलं, मग त्यांनी मध्ये पुठ्ठा धरला.

बारीक आवाज तिला अजिबात येत नाहीत. जाड आणि खूप मोठे थोडेसे येतात. बहुधा वर्षाची असताना ताप आला होता त्यात गेलं असावं. छातीशी बांधायचं ऐकण्याचं यंत्र मिळेल, त्याची वायर कानात. त्यानं थोडं येईल, पण सगळं नाही.

"इतकी वर्षं तुमच्या कसं लक्षात आलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं. मी आबांचं, साच्यांचं सगळं सांगितलं. मला वाटलं आता झापणार. ते म्हणाले, "न ऐकणारी मुलं या वयात अगदी मागे पडलेली असतात. ही तशी नाही. तिच्याशी कुणीतरी बोलत होतं, म्हणून ही एवढी हुशार राहिली."

आणि ते बोलणं मी बंद केलं होतं. महिनाभर माझ्या मुलीशी घरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं, आणि तो हुकूम माझा होता. बसमध्ये शुभानं माझा हात धरला. तीही तेच म्हणत होती, की सुरुवात तिनं केली. दोघंही चूक, आता कुणाची जास्त हे मोजत नाही बसायचं असं ठरवलं.

सोमवार, ३० मार्च. पाडवा

आबांचे हात अजून मांडीखालीच आहेत. डॉक्टर काय म्हणाले ते दोनदा सांगितलं. त्यांच्या मनानं घेतलंय की त्यांच्यामुळेच आजार लपून राहिला. "माज्या हातांनी घात केल्यानी," म्हणाले. केतकी आता त्यांचे हात ओढतही नाही. गॅलरीच्या कठड्याशी उभी राहते, एकटीच बोटं हलवते आणि मग त्याकडे बघते.

गुढी उभारल्यावर मी जाऊन आबांच्या समोर जमिनीवर बसलो. म्हटलं, "आबा, मला साच्यावरचं बोलणं शिकवा."

"तू साच्यार जाव नुको म्हणान तर तुका शाळेत घातलंय," आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मला वाटतं, माझ्याही.

"मग आता उलटी शाळा करू. मला माझ्या पोरीशी बोलायचंय हो."

आबांनी खांद्याला डोळे पुसले. मग त्यांनी उजवा हात बाहेर काढला, अंगठा ओठांकडे नेला. पाणी. मी तसंच केलं. ते वैतागून म्हणाले, "असा नाय रे, ह्या तर दारू झाली," आणि माझा अंगठा धरून सरळ केला. तेवढ्यात गॅलरीतून केतकी धावत आली, आमच्या दोघांच्या मधे घुसली आणि आबांच्या मांडीवर चढून तिनं दोन्ही हातांनी जे बोलायला सुरुवात केली! दीड महिन्याचं साचलेलं. आबा मान डोलावत होते, उत्तर देत होते, हसत होते. मला 'पाणी' सोडून काहीच कळलं नाही. शुभा श्रीखंडाचं पातेलं हातात घेऊन नुसती बघत उभी होती.

शनिवार, १८ एप्रिल

न ऐकणाऱ्या मुलांची शाळा घाटकोपरला आहे. मालनताई म्हणून बाई आहेत. त्यांनी केतकीला काहीच विचारलं नाही, समोर बसून तिच्याकडे बघत राहिल्या, आणि केतकीनंच त्यांना सांगायला सुरुवात केली. जूनपासून घेणार. मुलाखत वगैरे नाही. पहिल्या शाळेला आता कळवायचंसुद्धा नाही असं शुभा म्हणाली.

मालनताईंना खेळाबद्दल सांगितलं, तर म्हणाल्या, "बिनआवाजाचा कराल का? आमच्या मुलांना चुकलं की ओरडणारं काही नको." जयवंत आणि मी सगळे बीप काढून टाकले. आता प्रत्येक अंकाला तेवढ्या बोटांचा हात दिसतो. चौकटीच्या कागदावर ठिपक्या-ठिपक्यांनी हात काढायला मला चार संध्याकाळी लागल्या, आबा समोर हात धरून बसायचे. मध्येच हात दुखतो म्हणून चहा मागायचे, तोही हातानंच. जयवंत म्हणतो, याला शाळा किती मिळतील सांगता येत नाही. एक मिळालीय.

आबांकडे रोज दोन-तीन शब्द शिकतो. शुभा माझ्यापेक्षा भराभर शिकते. काल मी विचारलं, केतकी मला काय म्हणते? ती मिशी पिळल्यासारखं करते ना, तेच का? मला मिशी नाही म्हणून विचारलं. आबा हसू दाबत म्हणाले, "जॉबर."

जॉबर म्हणजे साच्यांवरचा मुकादम. तो दिसला की पहिला साचेवाला दुसऱ्याला तशी खूण करायचा, दुसरा तिसऱ्याला, आणि सगळे मान खाली घालून कामाला लागायचे. 'बाप' असा शब्द साचेखात्यात कधी लागलाच नाही. म्हणून मी दारात दिसलो की आबा गमतीनं तिला ती खूण करायचे. तिला वाटलं, माझं नाव तेच.

शुभा पोट धरून हसली. मीही हसलो. पण ते मनाला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

सोमवार, १५ जून

आज शाळेचा पहिला दिवस. सकाळी आबा आणि शुभा तिला सोडायला गेले, मला रजा मिळाली नाही. दिवसभर जयवंतचं डोकं खाल्लं.

संध्याकाळी जिना चढून वर आलो तर दार उघडंच होतं. केतकी खाटेवर आबांच्या समोर बसली होती, छातीवर यंत्राची डबी, वायर कानात, केस विस्कटलेले. मी आलेला तिला आधी दिसलो. तिनं आबांकडे वळून मिशी पिळली. मग हाताची दोन बोटं चालवली. मग स्वतःच्या गालांवर बोटं ठेवून ती ओठांकडून कानांकडे ओढली.

आबांनी माझ्याकडे बघितलं. अर्थ सांगायला ते तोंड उघडणार होते. मी हातानंच थांबवलं.

जॉबर आला. हसतोय.

माझी मुलगी माझ्याबद्दल बोलत होती, माझ्याच घरात, आणि मला ते कुणी सांगावं लागलं नाही. मी चपला न काढताच तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, शाळेत काय केलं? दोन ठिकाणी चुकलो असणार. तिनं माझी बोटं धरून नीट केली, आणि सांगायला लागली.